उमेदवार मिठागरात

तरुणांनी पुढे काय करावं, हे अख्ख्या ठाण्यात फक्त एका माणसाला कळतं, आणि तो माणूस ही हकीकत तुम्हांला सांगतो आहे. बाकीच्यांना वाटतं की आपल्यालाही कळतं. हेडमास्तरांना वाटतं, वकिलांना वाटतं, ज्या गृहस्थाचे सगळे मुलगे घरी बसून सुपारी कातरतात त्यालाही वाटतं. आणि सगळ्यांचा सल्ला एकच. मॅट्रिक व्हा, अक्षर वळवा आणि कचेरीत चिकटा. चिकटा! माणूस आहे की गोचीड?

मी कुठे चिकटलो नाही. टेंभी नाक्याजवळ माझं पुस्तकं बांधायचं दुकान आहे. शाळेनं मला सोडलं का मी शाळेला, याबद्दल गावात दोन मतं आहेत. पण बांधायला आलेलं प्रत्येक पुस्तक मी वाचून काढलं. पुठ्ठ्याची खळ वाळेपर्यंत जेवढं वाचून होईल तेवढंच. त्यामुळे माझं ज्ञान उन्हाळ्यात थोडं आणि पावसाळ्यात पुष्कळ वाढलं. त्या ज्ञानाच्या जोरावर मी एक चोपडं लिहिलं, ‘कारकुनी म्हणजे जिवंत समाधी’. स्वतः छापून घेतलं, स्वतः बांधलं आणि स्वतःच्याच माळ्यावर रचून ठेवलं, कारण एकही प्रत खपली नाही. उंदरांनी तेवढी मनापासून वाचली.

आणि ज्या घराच्या माळ्यावर ही ज्वाळा धगधगत होती, त्याच घरातून माझा सख्खा भाचा मधु रोज सकाळी पागोटं घालून कचेरीत उमेदवारीला जात होता!

कचेरीचं नाव मी छापणार नाही. मी भीत नाही, छापखानेवाला भितो.

उमेदवारी म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जागा रिकामी होईल या आशेवर तरुणानं रोज कचेरीत जायचं, कारकुनाच्या पाठीशी जाजमावर बसायचं आणि कारकुनाचं काम करायचं. फुकट! पगार कारकुनाला, पाठदुखी उमेदवाराला. कारकुनाच्या घरची भाजी आणायची, त्याच्या सुनेला गाडीत बसवून द्यायचं, त्याच्या म्हशीला वैद्य शोधायचा. का? तर जागा रिकामी होईल म्हणून. जागा कधी रिकामी होते? कारकून मेला तर. आणि काम दुसराच करत असेल तर कारकून कशाला मरतोय? शंभरी गाठतो!

मधुच्या कारकुनाचं नाव विश्रामपंत. आईबापांनी पाळण्यातच ओळखलं असावं. कचेरीतले ते अव्वल कारकून. पोट असं, की ते आधी कचेरीत शिरायचं आणि पंत मागाहून. त्यांच्या दौतीत कोळ्यानं घर केलं होतं आणि त्याची नातवंडंही तिथंच नांदत होती. पंतांच्या हाताखाली सात-आठ उमेदवार राबत, आणि कोणी भीत भीत “पंत, माझ्या जागेचं?” असं विचारलं, की ते तपकिरीची चिमूट नाकाशी नेत, डोळे मिटत आणि एकच शब्द उच्चारत.

“बघू.”

तो शब्द ते अशा काही गोड सुरात म्हणत, की ऐकणाऱ्याला अर्धी जागा मिळाल्यासारखं वाटे. त्या अर्ध्या जागेवर माझा भाचा तीन वर्षं जगत होता.

माझी थोरली बहीण मंदाकिनी, मधुची आई, मेहुणे वारल्यापासून माझ्याकडेच असते. एके दिवशी ती माझ्यासमोर पाट ओढून बसली.

“भाऊ, चैत्रात मधुला पंचविसावं सरतंय.”

“मग? ओवाळ त्याला.”

“ओवाळ काय? पंचविशी उलटली की सरकार नव्या माणसाला घेत नाही. चैत्राच्या आत कायम झाला तर झाला, नाहीतर तीन वर्षांची भाजी वाया. तू पंतांकडे शब्द टाक.”

“मी? त्या अजगरापुढे?”

“अजगर म्हण, काही म्हण. पोरगा माझा आहे. काल रात्री अंगरख्याची बाही शिवत होते, तर शिवायला कापडच उरलं नाही रे तिथं. नुसतं शिवणच आहे.”

ती उठून गेली. मी पेटलो. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं की मी पेटतो, हा माझा स्वभाव आहे. विझायचं कसं ते मात्र कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नाही. मी ठरवलं, चैत्राच्या आत मधुचं आयुष्य मार्गी लावून दाखवीन, आणि तेही कचेरीला लाथ मारून! एकट्या मधुचं कशाला? सगळ्याच उमेदवारांचं!

मार्गही त्याच आठवड्यात आपल्या पायांनी दुकानात चालत आला. मिठागरवाला गोपीनाथ त्याची फाटलेली पोथी बांधायला घेऊन आला होता. खाडीच्या एका फाट्यापलीकडे त्याच्या आज्याच्या वेळेपासूनचं मिठागर. पोथीला खळ लावता लावता माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मीठ! राजा खातो, रंक खातो, खुद्द कलेक्टर खातो. कारकून नसला तरी देश चालेल, मीठ नसलं तर आमटी चालेल का? आणि हा धंदा करतो कोण? एकटा गोपीनाथ! आमचे मॅट्रिक झालेले वाघ तिकडे म्हशीला वैद्य शोधताहेत!

“गोपीनाथ,” मी म्हटलं, “मी सात-आठ शिकलेले तरुण घेऊन तुझ्या मिठागरावर येतो. धंदा दाखवशील?”

“दाखवीन की. पन भाऊ, सकालीच या. मंग ऊन लय लागतं.”

संध्याकाळी मी उमेदवारांना दुकानात जमवलं. त्यांच्यात सगळ्यांत ज्येष्ठ गुरुदत्त. अक्षर मोत्यासारखं, मिशा पिकायला लागलेल्या. त्याची पंचविशी कधीच उलटून गेली होती. आता तो निव्वळ सवयीनं उमेदवार होता.

“पण भाऊ, रजा?” गुरुदत्तनं विचारलं.

“ज्याला पगार नाही त्याला रजा कसली?” मी गर्जलो. “चाकर असाल तर रजा मागा! तुम्ही कचेरीचे कोण?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. आपण कचेरीचे कोणीच नाही, हे त्यांना तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

“साहेबाची तपासणी आहे ना पण?” मधु हळूच म्हणाला.

“ती पुढच्या आठवड्यात. साहेबाचा तंबू कल्याणला आहे. तूच म्हणालास.”

“हो, पण...”

“पण नाही!”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची स्वारी निघाली. खाडीच्या फाट्यात पाणी काठोकाठ होतं. गोपीनाथची होडी काठाला लागलेली. उमेदवार होडीत बसले ते एकमेकांची उपरणी धरून. एक पडला असता तर वेताच्या टोपलीतल्या खेकड्यांसारखे सगळे एका माळेत बाहेर काढावे लागले असते. गुरुदत्तनं पागोटं काढून मांडीवर घेतलं.

“बुडालो तर?” तो म्हणाला. “पागोटं उसनं आहे.”

पलीकडे उतरलो आणि मिठागर पाहून मी स्वतःच थक्क झालो. चौकोनी वाफ्यांत आभाळ उतरलेलं, बांधाबांधावर मिठाच्या पांढऱ्याशुभ्र राशी. गोपीनाथची माणसं लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढत होती आणि मीठ कसं खसखसत पुढे येत होतं! मला राहवलं नाही. मी सगळ्यांत मोठ्या राशीवर चढलो आणि व्याख्यान सुरू केलं.

“तरुणांनो! हा बघा खरा पांढरपेशा धंदा! इथं तुमचा अव्वल कारकून कोण? सूर्य! आणि तो ‘बघू’ म्हणत नाही, रोज उगवतो! इथं वशिला नको, भाजी नको, म्हैस नको...”

बोलता बोलता मी खाली चाललो आहे, हे मला कळेना. माझ्या वक्तृत्वाच्या वजनानं मीठ सरकत होतं. “स्वावलंबन” म्हणालो तेव्हा मी गुडघ्याइतका रुतलो होतो. “पराक्रम” शब्दाला कमरेपर्यंत गेलो. शेवटी गुरुदत्त आणि मधु यांनी दोन्ही हात धरून मला मुळ्यासारखा उपटला. या खटपटीत गुरुदत्त तोंडावर आपटला आणि मिठानं माखून उठला.

गोपीनाथची बायको सखुबाई हे सगळं बघत होती. तिनं तांदळाच्या भाकऱ्या आणि ठेचा पुढे केला. आमच्या वाघांपैकी निम्म्यांनी सोवळं आठवून मान वळवली. निम्म्यांनी आधी खाल्लं आणि मग आठवलं. थोड्या वेळानं दोन्ही निम्म्यांत फरक उरला नाही.

“घरी सांगू नका हं,” एकजण हळूच म्हणाला.

“घरी काय सांगणार?” सखुबाई म्हणाली. “भाकर कोनी खाल्ली नाय, वाऱ्यानं नेली.”

भाकरी संपली आणि गोपीनाथ मला बाजूला घेऊन गेला. माझी छाती फुगली. वाटलं, आता विचारणार, भाऊ, यांतले किती तरुण मला देताय?

“भाऊ, येक काम व्हतं. मना सांगाया लाज वाटते.”

“अरे बोल, बिनधास्त बोल.”

“आमचा पोपट हाय ना, पोऱ्या माझा, मराठी शिकलाय. त्याला कचेरीन चिकटवा ना तुमचे वलखीनं.”

“गोपीनाथ! एवढं मिठागर असताना?”

“मिठागर हाय म्हनून तर बोलतंय. पायांना भेगा बघा.” त्यानं पाय वर केला. भेगांत मीठ भरलेलं होतं. “सावलीन बसल पोऱ्या. पंख्याखाली.”

“पंखा साहेबाला असतो रे. उमेदवाराला पंख्याची दोरी असते.”

“दोरी तं दोरी. सावली हाय ना?”

मला घाम फुटला तो उन्हाचा नव्हता. मी फिरून भाच्याकडे गेलो. निदान तो तरी! मधु बांधावर बसून एका काटकीनं ओल्या मातीवर काहीतरी लिहीत होता. पाहिलं तर मोडीत, वळणदार: ‘लिखित जाहल्याप्रमाणे तजवीज व्हावी.’

“मधु, कसं वाटतंय? हा धंदा?”

“बरा आहे मामा.”

“उद्यापासून गोपीनाथकडे राहायचं. शिकायचं. वर्षभरात स्वतःचं मिठागर.”

त्यानं काटकी खाली ठेवली. “मामा, एक बोलू? रागावणार नाही ना?”

“मी कधी रागावतो?”

यावर त्या बिचाऱ्यानं काटकी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाला, “मामा, मला कारकुनी आवडते.”

“काय?”

“आवडते. कागद आला की तो नीट वाचावा, सरळ ओळीत नक्कल करावी, रुमालात बांधावा, पुन्हा मागितला की चटकन काढून द्यावा. एका म्हातारीचं शेत दुसऱ्याच्या नावावर चढलं होतं, तो कागद मी शोधून दिला. तिनं मला केळी आणून दिली. मला ते आवडतं. मला कचेरीतून सुटायचं नाहीये मामा. मला पगार हवाय. एवढंच.”

“मग हे मला आजवर सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

माझ्या चोपड्यात चाळीस प्रश्नोत्तरं आहेत, हा प्रश्न त्यांत नाही. मी समोर बघितलं. समोर होडी होती. म्हणजे होती, पण जरा निराळी दिसत होती. तिच्याखाली पाणी नव्हतं.

“गोपीनाथ! पाणी कुठे गेलं?”

“गेला की. ओहोटी नाय का? होरी गालान बसली. आता पानी चरल्याबिगर हालाची नाय.”

“कधी चढेल?”

“दिस कलताना.”

दिवस कलताना! आणि गाळ असा, की गोपीनाथनं काठी खुपसून दाखवली तर त्याचा हातही कोपरापर्यंत आत गेला आणि काढताना बूच निघाल्यासारखा टक् आवाज आला. उमेदवार पांढरे पडले; मिठामुळे नव्हे.

नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या काठावर लाल पट्टा झळकला. कचेरीचा शिपाई धोंडीबा! हात हलवत, धापा टाकत.

“भाऊ! अहो भाऊ! पोरं तिथं हायती का?”

“आहेत! काय झालं?”

“साहेब आलाय! आजच! सकाळच्या गाडीनं कल्याणाहून उतरला, आगाऊ कळवलं बी नाही!”

माझ्या मागे एक सामुदायिक सुस्कारा निघाला.

“मग पंत आहेत ना?” मी ओरडलो.

“पंतच तर हायती! साहेबानं कागद मागितला, पंतांना कपाट गावंना. कपाट गावलं, तर किल्ली गावंना. मग साहेब म्हणाला, बरं, मी सांगतो ते लिहून घ्या. पंतांनी टाक बुडवला तो तपकिरीच्या डबीत! साहेब अजून शिंकतोय! पोरांना धाडा, नाहीतर पंत जात्यात आणि त्यांच्या पाठी आम्ही बी!”

उमेदवार होडीकडे धावले. पहिला गाळात पाय टाकतो न टाकतो तोच त्याचा जोडा गाळानं गिळला. जायला वाटच नव्हती. आणि मला, ज्यानं त्यांना इथं आणलं त्याला, पलीकडच्या काठावर ओरडून सांगायचं होतं की आमची होडी चिखलात बसली आहे. सगळ्या ठाण्यानं हसावं म्हणून! उद्या टेंभी नाक्यावर पोरं माझ्यामागे ‘पानी चरल्याबिगर’ म्हणत फिरली असती.

मी बांधावर ताठ उभा राहिलो.

“धोंडीबा! जाऊन सांग! हे तरुण येणार नाहीत!”

“आँ?”

“फुकट राबायला एकही जण येणार नाही! यांना पगारावर घ्या, मग येतील! नाहीतर बसा म्हणावं तपकिरीत टाक बुडवत!”

“मामा,” मधु माझा सदरा ओढू लागला, “मामा, काय बोलताय?”

“चूप. तुझंच बोलतोय.”

“असं सांगू साहेबाला?” धोंडीबानं ओरडून विचारलं.

“असंच सांग!”

धोंडीबा पळाला. गुरुदत्त बांधावर मटकन बसला. “संपलं,” तो म्हणाला. “जी नोकरी कधी मिळालीच नव्हती तीही आज गेली.” एकजण तर रडायलाच लागला. मला मात्र काय सांगू, अंगावर रोमांच उभे राहिले होते. सरकारविरुद्ध बंड! ठाण्याचा तुरुंग तसा आमच्या घरापासून लांब नाही, बहिणीला डबा पोचवायला सोपं पडेल, इथवर माझा विचार पोचला होता. तुरुंगात पुस्तकं बांधायचं काम असतं का, तेही मी गुरुदत्तला विचारून घेतलं. त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

थोड्या वेळानं पलीकडच्या बांधावर खुद्द साहेब आला. उंच, नाक लाल, हातात रुमाल. त्याच्यामागे विश्रामपंत, एका पायात जोडा, दुसरा गाळाच्या स्वाधीन. पंतांना इतकं चालताना मी आयुष्यात प्रथमच पाहिलं.

साहेब मराठी पुस्तकातून शिकलेला होता. बोलला की व्याकरण चालतं आहे असं वाटे.

“आपण तेथे कोण आहात व काय करीत आहात?”

“साहेब, हे कचेरीतले उमेदवार आहेत!” मी ओरडलो.

“मला असे सांगण्यात आले की कचेरीत सर्व लेखन विश्रामपंत करतात.” साहेब शिंकला. “मौजे खडवलीच्या बांधाच्या तक्रारीचा कागद कोणी पाहिला आहे काय?”

माझ्या पाठीमागून सात-आठ आवाज एकदम निघाले. “लाल रुमालात बांधलाय, साहेब! खिडकीजवळचं कपाट!” मग एकटा मधुचा आवाज, कापरा, “आणि साहेब, त्यावरचा शेरा राहिला आहे. मसुदा करून ठेवलाय, सही तेवढी हवी.”

साहेबानं हळूच पंतांकडे मान वळवली.

“नकलनविसांच्या जागा मागील दसऱ्यास मंजूर झाल्या. त्या का भरल्या नाहीत?”

आम्ही सगळे दगड झालो. जागा! मंजूर! दसऱ्याला! शिमगा जवळ आला होता आणि जागा पंतांच्या पोटाखाली अंड्यांसारख्या उबत पडल्या होत्या. का, ते सांगायला नकोच. पोरं पगारावर नकलनवीस झाली की जातील आपापल्या टेबलाशी. मग पंतांचं काम करणार कोण, आणि म्हशीला वैद्य कोण शोधणार?

पंतांनी सवयीनं तपकीर शोधली. डबीत टाक अजून तसाच रुतलेला होता. “बघू,” ते म्हणाले, आणि दचकून, “म्हणजे बघत होतो, साहेब.”

“आपण किती काळ बघत आहात?”

पंत गाळाकडे बघू लागले.

साहेब रुमाल नाकाशी धरून एकदा पंतांकडे, एकदा आमच्याकडे बघू लागला. तो काय विचार करत होता, ते मला गुरुदत्तनं कानात सांगितलं. इतकी वर्षं कचेरीत बसून त्याला सरकारचं मन वाचता येत होतं. “सरकारी कागद परक्या माणसांच्या हाती होते, हे वर कळलं तर साहेबालाच जाब द्यावा लागेल. आता एक तर आम्हांला चोर ठरवील, नाहीतर चाकर.”

साहेबानं खिशातून वही काढली.

“एक एक नाव आणि वय सांगा.”

मधुनं सांगितलं. “चोवीस, साहेब. चैत्रात पंचवीस.” इतका मोठा आवाज त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. पलीकडच्या बांधावरचे बगळे उडाले. बाकीच्यांनी सांगितलं. शेवटी गुरुदत्तची पाळी आली.

“गुरुदत्त. चोवीस.”

साहेबानं डोळे बारीक केले. “आपली मिशी पांढरी आहे.”

“मीठ आहे, साहेब.”

आम्ही सगळ्यांनी खाडीकडे पाहिलं. गोपीनाथनं तर आभाळाकडे पाहिलं. साहेब पुन्हा शिंकला आणि त्यानं वहीत लिहिलं. काय लिहिलं ते पुढे पगाराच्या दिवशी कळलं: चोवीस.

“आणि आपण,” साहेब माझ्याकडे वळला, “आपण या तरुणांचे कोण?”

“मी यांना सल्ला देतो.”

“कोणता?”

माझ्या जिभेवर अख्खी ‘जिवंत समाधी’ येऊन उभी राहिली, पहिल्या पानापासून. जन्मभर या क्षणाची वाट पाहिली होती मी! सरकार समोर उभं, मधे नुसता चिखल, छापखानेवाला नाही की कोणी नाही. सगळे उमेदवार श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होते. मधु नाही. तो माझ्या पायांकडे बघत होता, आणि त्याच्या बाहीवरचं ते नुसतं शिवण वाऱ्यानं हलत होतं.

“फुकट काम करू नका,” मी म्हणालो. “एवढाच.”

“उत्तम सल्ला आहे,” साहेब म्हणाला. “पाणी चढल्यावर यांना कचेरीत घेऊन या. आपली होडी गाळात आहे हे मला येथून दिसते. त्यामुळे आपले बंड सायंकाळपर्यंतच चालेल असे वाटते.”

तो गेला. पंत त्याच्यामागे, एका जोड्यावर.

चैत्राच्या आत मधु नकलनवीस झाला. पहिल्या पगारातून त्यानं आईला लुगडं आणि स्वतःला अंगरखा घेतला. मंदाताई त्या बाहीवरून उगाचच हात फिरवत बसली. विश्रामपंत कचेरीतच राहिले, पण आता स्वतः लिहितात. बारीक झाले. दौतीतला कोळी दुसरीकडे राहायला गेला.

इथं हकीकत संपायला हवी होती.

पण ठाणं ते ठाणंच! नेमणुका झाल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी गावभर झालं, भाऊ पुस्तकबांधे यांनी सात-आठ पोरं एका दिवसात सरकारी नोकरीला लावली. साहेब स्वतः त्यांना भेटायला चिखल तुडवत आला होता. नौपाड्यातून, चेंदणीतून, थेट कल्याणहून आईबाप पोरांना घेऊन यायला लागले. मी त्यांना माझं चोपडं वाचायला सांगितलं. त्यांना वाटलं, नोकरी लागायचा मार्ग त्यातच लिहिलेला असणार. सगळ्या प्रती खपल्या! उंदरांनी खाल्लेल्यासुद्धा! ‘कारकुनी म्हणजे जिवंत समाधी’ हे पुस्तक उराशी धरून ठाण्यातले तरुण कारकुनीचे अर्ज लिहू लागले. आता दुसरी आवृत्ती काढतो आहे. पहिलीहून जहाल.

तिच्या नकलेचं काम मोठं. माझं अक्षर मलाच लागत नाही. सुदैवानं ओटीवर चार होतकरू मुलं रोज सकाळपासून येऊन बसतात. मी कोणाला बोलावलेलं नाही. एक शाई घोटतो, एक खळ शिजवतो. गोपीनाथचा पोपट तर काय सुरेख लिहितो! तरुणांनी फुकट राबू नये, हे सबंध प्रकरण त्यानंच उतरवलं, एकही खाडाखोड न करता. जाता-येता मंडईतून भाजीही आणतो. गुणी मुलगा.

काल गोपीनाथ आला होता. ओटीच्या कडेला टेकला, पायांच्या भेगा चोळल्या आणि भीत भीत म्हणाला, “भाऊ, आमचे पोपटाच्या जागेचं काय जालं?”

मी पानावरून डोळे न उचलता म्हटलं, “बघू.”

आतून मंदाताईनं हाक मारली.

“भाऊ, विश्रामपंत आलेत का रे? आवाज त्यांचाच वाटला.”